शाल, पाकीट आणि झाडाचा गाभा

दापोडी, पुणे

आयुष्मान,

सप्रेम जय भीम.

तुझे पत्र वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या महिन्यांत, आले आणि उत्तराला मी पंधरा दिवस लावले, कारण प्रश्न तू सरळ विचारला आहेस. येरवड्यापासून पिंपरीपर्यंतच्या विहारांतून तुला प्रवचनाची बोलावणी येतात, शाल आणि मानधनाचे पाकीट मिळते, मोबाइलवर तुझी भाषणे हजारो लोक ऐकतात; आणि हे सारे सोडून द्यावे का, असे तू विचारतोस.

सोडायची घाई करू नकोस. गृहस्थाच्या कमाईला भगवंतांनी, बुद्धांनी, कधी नाक मुरडले नाही. दीघजाणू कोलिया या गृहस्थाला त्यांनी कष्टाने मिळवावे, मिळवलेले राखावे, सज्जनांची संगत धरावी आणि आवक पाहून खर्च करावा, असे सांगितले. सिगाल या तरुण गृहस्थाला मिळकतीचा एक भाग उपभोगाला, दोन धंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी ठेवायला सांगितले. उपासकाला, म्हणजे घरसंसारातल्या अनुयायाला, शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार तेवढा वर्ज्य आहे.

तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या महासारोपम सुत्तात आहे. बुद्धांचा चुलतभाऊ आणि शिष्य देवदत्त संघ सोडून गेल्यावर राजगृहाच्या गृध्रकूट टेकडीवर ते सांगितले गेले. गाभ्याचे लाकूड आणायला निघालेला माणूस, समोर मोठे झाड उभे असताना, फांद्या-पाने तोडतो आणि तीच गाभा समजून घरी नेतो. ती पाने म्हणजे लाभ, सत्कार आणि कीर्ती. इथपर्यंत सगळेच वक्ते सांगतात, तूही सांगत असशील. पुढचा भाग मात्र आपण उरकून टाकतो, बहुधा तो आपल्यालाच झोंबतो म्हणून. दुसरा माणूस वरची साल नेतो, ते शील, म्हणजे सदाचरण. तिसरा आतली साल, ती समाधी, म्हणजे चित्ताची एकाग्रता. चौथा गाभ्याभोवतीचे कच्चे लाकूड, ते ज्ञानदर्शन. ‘मी शीलवान, बाकीचे दुःशील’ असे म्हणत शीलापाशी थांबणाराही भगवंतांच्या लेखी वाटेतच थांबला आहे, कारण गाभा म्हणजे चित्ताची अढळ विमुक्ती. उद्या तू शाल नाकारलीस आणि नाकारल्याचे चार ठिकाणी सांगत सुटलास, तर पाने टाकून साल उचलल्यासारखे होईल.

माझेच सांगतो. एका विहाराच्या बुद्ध जयंतीच्या पत्रिकेत माझे नाव शेवटून दुसरे आणि तेही चुकीच्या आडनावाने छापले होते. विषय होता अष्ट लोकधम्म. लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा आणि सुख-दुःख यांनी चित्त हलू देऊ नये, असे मी चाळीस मिनिटे सांगत होतो आणि तेवढा वेळ मनात ते आडनावच घोळत होते. खीर न घेताच निघालो. दारात एक उपासिका फरशीवर सांडलेले मेणबत्त्यांचे मेण ब्लेडने खरवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘सर, जपून, ओलं आहे.’ दर रविवारी हे काम तीच करते, हे मला पुढे कळले. पत्रिकेत तिचे नाव कधीच नव्हते, आणि ते पाहायला तिने पत्रिका हातात घेतली असेल असेही मला वाटत नाही.

बौद्ध धर्माचे आणि पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी पुण्यात संस्कृत शिकले आणि 1912 पासून सहा वर्षे त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, हे कॉलेजमागच्या टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्याआधी कलकत्त्याला दरमहा 250 रुपये मिळत असताना, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा 50 रुपये पत्करले. लक्षात घे, ते 50 रुपये त्यांनी घेतले. फुकट राबण्याचा आव आणला नाही. कामाच्या मागून जेवढा पैसा येईल तेवढा त्यांना पुरेसा होता.

तेव्हा मानधन घे, प्रवासखर्च वजा कर, उरलेले कशाला लावायचे ते निघण्यापूर्वीच ठरव. लोकांनी किती ऐकले हा आकडा आठवड्यातून एकदाच पाहा. रोज सकाळी अर्धा तास आनापान, म्हणजे श्वासावरचे ध्यान, चुकवू नकोस, विशेषतः आदल्या रात्री टाळ्या मिळाल्या असतील तेव्हा. आणि ज्या महिन्यात एकही बोलावणे येणार नाही, त्या महिन्यात मन कसे वागते ते वहीत लिहून ठेव. तुझ्या भाषणांच्या संग्रहापेक्षा ती वही मला वाचायला आवडेल. ‘अञ्ञा हि लाभूपनिसा, अञ्ञा निब्बानगामिनी’ ही धम्मपदाची ओळ तुला पाठ आहेच: लाभाची वाट वेगळी, निब्बाणाची वेगळी.

25 डिसेंबरला देहूरोडला ये. बाबासाहेबांनी 1954 साली त्याच दिवशी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या दिवशी गर्दी फार असते आणि आम्ही चार-पाच म्हातारे पाणी वाटायला उभे राहतो. वक्त्यांच्या यादीत नाव देऊ नकोस, येताना जुने कपडे घालून ये.

तुझा,
विहारातला सर