क्लाउडचं बिल अंदाजापेक्षा इतकं जास्त का येतं? लहान कंपनीने स्वतःचे सर्व्हर घ्यावेत का?

अंदाज बांधताना आपण सर्व्हरचं तासाचं भाडं पाहतो. बिल फुगतं ते बाकीच्या ओळींमुळे. सगळ्यात जास्त खटकते ती डेटा बाहेर नेण्याची आकारणी. एडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेत, इंटरनेटवरून डेटा आत आणणं फुकट, पण बाहेर पाठवताना महिन्याचे पहिले 100 जीबी संपले की अमेरिकेतल्या बहुतेक रीजनमध्ये (म्हणजे सर्व्हर जिथे असतात त्या विभागांत) जीबीमागे 9 सेंट. मुंबई रीजनचा दर त्याहून जास्त आहे. डेटा वाहून नेण्याचा खरा खर्च इतका नसतो. ग्राहकाने जाऊ नये म्हणून घातलेलं हे कुंपण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. युरोपीय संघाचा डेटा कायदा आल्यावर 2024 मध्ये गुगल आणि एडब्ल्यूएसने कायमचं सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ केलं. रोजच्या वापराला मात्र ते लागतंच.

फेब्रुवारी 2024 पासून एडब्ल्यूएसवर प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही4 पत्त्यालाही (इंटरनेटवर सर्व्हर ज्या आकडी पत्त्याने सापडतो तो) तासाला अर्धा सेंट पडतो, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. बजेटचा साधा इशारा लावला तरी तो फक्त सूचना पाठवतो; वेगळी सोय करून ठेवली नसेल तर सेवा आपोआप बंद होत नाही. नवशिक्या विद्यार्थ्यांच्या कार्डावर भलतं बिल चढतं ते यामुळेच, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

स्वतःच्या सर्व्हरचं म्हणाल तर 37सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण बघा. 2022 मध्ये त्यांचं क्लाउडचं बिल सुमारे 32 लाख डॉलर होतं. त्यांनी सर्व्हर विकत घेऊन बरंच काम हलवलं आणि खर्च खूप घटला. पण त्यांच्या सर्व्हरवरचा भार स्थिर होता आणि हाताशी अनुभवी माणसं होती. तुमच्याकडे दोन्ही नसेल, तर आधी ठरलेल्या मासिक दराचा साधा व्हीपीएस (भाड्याने मिळणारा आभासी सर्व्हर) घ्या.