गाडी ऑइल पितेय, इंजिन खोलावंच लागेल का?

प्रश्न: दादा, माझी पेट्रोल गाडी २००७ ची आहे, १ लाख ४० हजार किमी झालेत. हजार किमीला जवळपास अर्धा लिटर ऑइल कमी होतं, खाली थेंब पडत नाही. गॅरेजवाला म्हणतो इंजिन काम करा. काय करू?

उत्तर: थांबा, लगेच इंजिन खोलू नका. आधी धूर बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर निळा धूर येऊन थोड्या वेळात थांबत असेल तर बहुतेक व्हॉल्व सील (व्हॉल्वच्या बाजूने ऑइल आत झिरपू न देणारे रबरी सील) कडक झालेत, आणि ते बऱ्याच गाड्यांत इंजिनचं हेड (वरचा भाग) न उतरवता बदलता येतात, खर्च खूपच कमी. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगांवर (ऑइल वर जळायला जाऊ न देणाऱ्या) संशय. मग कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या, जो सिलिंडर कमी दाखवेल त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायला सांगा, आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत, तेव्हा मात्र खोलावंच लागतं.

आणि कुठलाही खर्च करण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व (इंजिनच्या आत साठणारे वायू परत जळायला पाठवणारा) बघा हो, स्वस्तातला पार्ट, पण जाम झाला की इंजिन स्वतःच ऑइल ओढायला लागतं. तोवर दर रविवारी गाडी सपाट जागी, थंड असताना डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघत जा, लेव्हल खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका.