बदकांच्या शिकारीला गाईड हवाच का, आणि चांगला गाईड ओळखायचा कसा?

तुम्ही विचारलंय की टेक्सासच्या किनाऱ्यावर पहिल्यांदाच बदकांच्या शिकारीला जायचंय, तर गाईडचे पैसे मोजावेत का, आणि मोजायचे तर कोणाला.

मोजा. त्या दलदलीत पहिल्या खेपेला एकट्याने उतरू नका. पाणी गुडघाभर दिसतं आणि पाय मांडीपर्यंत चिखलात जातो. उत्तरेचा वारा जोरात सुटला की उथळ खाड्यांतलं पाणी समुद्राकडे रेटलं जातं. पहाटे होडी ज्या वाटेने आत गेली, तिथे दुपारी नुसता गाळ उरलेला मी पाहिलाय.

पण वाटाड्यापेक्षाही गाईडची खरी गरज लागते ती नजरेसाठी. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार टाकायला कायद्याने परवानगी आहे. त्या अंधूक उजेडात अंगावर येणारं बदक कोणतं, हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. दिवसाला माणशी ६ बदकं ही एकूण मर्यादा, पण तिच्या आत जातीनुसार वेगळ्या मर्यादा असतात आणि त्या बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीचे नियम वाचूनच जा. मॉटल्ड डक हे तिथलंच, बारा महिने राहणारं बदक. टेक्सासमध्ये हंगामाच्या पहिल्या ५ दिवसांत ते मारता येत नाही, नंतरही दिवसाला एकच. नर-मादी दोन्ही तपकिरी. गॅडवॉल या दुसऱ्या जातीच्या मादीपासून ते उडताना वेगळं ओळखायला मला तीन हंगाम लागले.

पहिल्या वर्षी मी ज्याच्यासोबत गेलो, तो पन्नास मीटरवरच्या बदकांवरही ‘मारा’ म्हणायचा. मी मारलं. एक पिनटेल, आपलं तलवार बदक, पंखात छर्रा लागून गवतात पडलं. त्याच्याकडे कुत्रा नव्हता. आम्ही थोडा वेळ शोधलं, तेवढ्यात दुसरा थवा दिसला आणि त्याने आम्हाला लपणात, म्हणजे शिकाऱ्यांच्या आडोशात, परत बोलावलं. ते बदक मिळालं नाही. आजही त्याचा मला त्रास होतो.

दुसऱ्या वर्षीच्या गाईडने पहिला तासभर एकही बार टाकू दिला नाही. बदकं वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरतात, म्हणून त्याने वारा आमच्या पाठीवर येईल असं लपण निवडलं होतं आणि समोर बनावट बदकं मांडताना मधोमध मोकळी जागा सोडली होती. थवा घिरट्या घालायचा, तो शिट्टीने हळूच बोलवायचा, आणि पंख ताठ करून, पाय खाली सोडून पक्षी त्या मोकळ्या जागेत उतरायला लागले की मगच ‘आता’. अंतर तीस मीटरच्या आत. त्याची लॅब्रॅडॉर कुत्री आमच्या शेजारी हूं की चूं न करता बसलेली. त्या दिवशी माझी तीनच बदकं झाली आणि तिने तिन्ही आणून दिली.

अंतराचा आग्रह उगाच नाही. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांना १९९१पासून देशभर बंदी आहे, कारण तळाशी पडलेले छर्रे पक्षी गिळतात आणि विषबाधेने मरतात. सर्रास वापरले जाणारे पोलादी छर्रे हलके असतात, त्यांचा जोर लवकर ओसरतो. लांबून मारलं की पक्षी मरत नाही, जखमी होतो.

म्हणून फोनवर ‘किती बदकं मिळतील’ हे विचारू नका. कुत्रा आहे का, किती अंतरावर मारू देता, एका लपणात किती जण बसवता, हे विचारा. चारपेक्षा जास्त म्हणाला तर मी नको म्हणेन. दुपारनंतर दलदलीला विश्रांती देतो असं आपणहून सांगणारा मला नेहमीच भरवशाचा वाटलाय. आणि सगळ्यांचा कोटा भरेल अशी हमी देणाऱ्याकडे जाऊ नका.

आता कागदपत्रं. राज्याचं शिकारीचं लायसन्स, स्थलांतरित पक्ष्यांसाठीची जोडनोंद, आणि १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला संघीय डक स्टॅम्प, म्हणजे केंद्र सरकारचा तिकिटासारखा परवाना. तो २५ डॉलरचा आहे. १९३४पासून चालत आलाय आणि डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागांच्या जतनाला जातात. मी तो आनंदाने घेतो. २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं पाहा. बंदुकीत एकावेळी तीनच काडतुसं.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगतो. एच-१बी किंवा दुसऱ्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल, तर बंदूक हाताळायला संघीय कायद्याने एरवी मनाई आहे. अमेरिकेतल्या राज्याचं वैध शिकार-लायसन्स हा त्यातला एक अपवाद. त्यामुळे गाईडची बंदूक हातात घेण्याआधी लायसन्स खिशात हवं.

परतताना गाईड पक्षी साफ करून देईल. घरी पोचेपर्यंत प्रत्येकाचं डोकं किंवा एक पंख पिसांसकट राहू द्या. वाटेत तपासणी झाली तर जात त्यावरूनच ओळखतात.