चांदण्यांच्या पाठीचं कासव

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो. काही वर्षांपूर्वी वडिलांनी वास्तूला चांगलं म्हणून बाजारातून कासव आणलं. आता भाचा म्हणतो, हा गुन्हा आहे. जात कळत नाही, फोटो पाठवलाय. परवाना काढावा, की सिद्धेश्वर तलावात सोडावं?

उत्तर : तलावात अजिबात सोडू नका. फोटोत पाठ घुमटासारखी उंच आहे, प्रत्येक चकतीवर मधल्या पिवळ्या ठिपक्यातून रेघा फुटल्यात, पाय खांबासारखे, बोटांत पडदा नाही. हे जमिनीवर राहणारं स्टार कासव दिसतं. खोल पाण्यात ते बुडून मरेल, पुण्य बाजूलाच राहील. हिरवं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव असतं, तर ते अमेरिकेतलं रेड इअर्ड स्लायडर. त्याचा कायदा वेगळा. (तलावात मात्र तेही सोडायचं नाही.)

स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या चौथ्या अनुसूचीत होतं. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि ते पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीत जाऊन बसलं. शिक्षा किमान 3, कमाल 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. तडजोड करून प्रकरण मिटवायची सोय नाही. परवान्याची आशा सोडा. बाजारातल्या पावतीनं ताबा कायदेशीर होत नाही. उलट कलम 57 प्रमाणे ताबा सिद्ध झाला, की तो कायदेशीर होता हे तुम्हीच दाखवायचं.

म्हणून आधी वकील गाठा आणि वनविभागाला लेखी अर्ज द्या. कासव स्वतः घेऊन फिरू नका, 1926 या हेल्पलाइनवर कळवून त्यांनाच घरी बोलवा. जातीचा शेवटचा निर्णय तेच देतील. अर्जाची पोच आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

‘काल रस्त्यात सापडलं असं लिहा’ हा सल्ला कुणीतरी देईलच. तसं लिहून सही करू नका. घरातल्या जुन्या फोटोंत ते कासव दिसतंच असणार. स्वतःहून दिलं म्हणून गुन्हा माफ, असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. तरीही छाप्यात सापडणं वेगळं आणि आपणहून कळवणं वेगळं, हे कोर्टापुढं मांडता येतं. आणि नातेवाइकाकडे ठेवायला देऊ नका, तोही अडकेल.