गुरुजी, तो करार पुन्हा एकदा वाचा

प्रश्न थोडक्यात असा: पत्रलेखक पारोळा तालुक्यातले, जिल्हा परिषद शाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले गुरुजी. पेन्शन ३८ हजार, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख. मुलगा पुण्याची नोकरी सोडून घरी आलाय, त्याला मळ्यात श्वानपालन करायचंय. एक पार्टी लॅब्रॅडॉरच्या दोन माद्या, एक नर आणि फ्रेंच बुलडॉगची जोडी, अशी दोन महिन्यांची पाच पिल्लं ‘पेपरसहित’ देणार, शेड उभारून देणार आणि पुढे होणारी पिल्लं १५ हजार रुपये नगाने परत घेणार, असा लेखी करार. एकूण ७ लाख, पैकी पावणेदोन लाख देऊन झालेत. यंदा ओढाताण म्हणून मेडिक्लेमचा ४१ हजारांचा हप्ता राहिला. उरलेल्या सव्वापाच लाखांसाठी योजना मोडू की मंडळींच्या सोन्यावर कर्ज काढू, असं ते विचारतात.

गुरुजी, दोन्ही नको. ज्येष्ठ योजनेतून थोडे पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर १ टक्का कापतील, नसतील तर दीड. ते पंधरा-बावीस हजार सोडा. दर तिमाहीला येणारे तीस हजार थांबतील, त्यांचं काय? सोन्यावरच्या कर्जाला १० टक्के धरले तरी वर्षाला ५२ हजार नुसतं व्याज. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते.

तुम्ही सोबत पाठवलेल्या पिल्लांच्या पेपरांच्या झेरॉक्स मी टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. लॅब्रॅडॉरच्या नराचा बाप आणि थोरल्या मादीचा बाप एकच कुत्रा आहे. नाव तेच, नोंदणी क्रमांक तोच. म्हणजे तुम्हाला सावत्र बहीण-भाऊ ‘ब्रीडिंग पेअर’ म्हणून विकले जातायत! आपल्याकडे सोयरीक जमवताना कूळ बघतात, देवक बघतात, मामाकडचंही विचारतात. इथे सात लाखांचा व्यवहार आणि कोणी बापाचं नाव वाचलं नाही. अशा जोडीच्या पिल्लांत सरासरी साडेबारा टक्के जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येतात. आजोबात दडलेला दोष नातवात उघडा पडतो तो असा. लॅब्रॅडॉरमध्ये डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होऊन आंधळं करणारा एक आजार याच वाटेने येतो. त्याची डीएनए चाचणी होते. ती झाल्याचा एकही कागद तुमच्या पाकिटात नाही.

‘केनेल क्लब ऑफ इंडियाचा पेपर आहे ना,’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय. तो पेपर म्हणजे वंशावळ. आई कोण, बाप कोण, आजे-पणजे कोण. चांगली गोष्ट आहे, त्याच्यामुळेच तर वरची गडबड मला सापडली. पण तब्येतीबद्दल तो काही बोलत नाही. जन्माचा दाखला दाखवून कोणी आयुर्विमा मागितला तर कंपनी देईल का?

माझ्या शेजारी, धुळ्यात देवपूरला, एक लॅब्रॅडॉर होता. त्याचा पेपर हॉलमध्ये फ्रेम करून लावलेला. जाहिरातीत लिहितात तसा ‘हेवी बोन’, म्हणजे जाड हाडांचा, गुटगुटीत. चौदा महिन्यांचा झाला आणि जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायला लागला, सशासारखा. बसायचा तो एका कुशीवर, पाय बाहेर टाकून. एक्स-रेत खुब्याचे दोन्ही सांधे सैल निघाले. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, कॅल्शियम कमी पडलं, पावडर चालू करा. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर हाडं उलट बिघडतात, हे त्याला माहीत नसावं किंवा असावं. माझे वडील फ्रेमकडे बघून म्हणाले, “बठ्ठं कागदवरच शे.” सगळं कागदावरच आहे.

खुब्याचा हा दोष बराचसा वंशातून येतो. म्हणून जिथे नीट काम चालतं तिथे जोडी लावण्याआधी आईबापाचे एक्स-रे काढून त्यांना गुण देतात. अमेरिकेत त्याचा अंतिम दाखला कुत्रा दोन वर्षांचा झाल्याशिवाय मिळत नाही. पार्टीला सांगा, आईबापाच्या खुब्याचे एक्स-रे पाठवा. काय उत्तर येतं ते मला कळवा, मलाही उत्सुकता आहे.

आता तुमच्या वहीतलं गणित. दोन लॅब माद्या, वर्षाला दोन वेतं, वेताला आठ: बत्तीस. फ्रेंचची दोन वेतं, चार-चार: आठ. चाळीस पिल्लं गुणिले १५ हजार, वर्षाला सहा लाख. हे गणित तुम्ही मांडलेलं नाही गुरुजी, तुमच्याकडून मांडून घेतलंय. केंद्र सरकारचे २०१७ चे श्वान प्रजनन नियम आहेत. मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत तिला लावायची नाही, वर्षातून एकच वेत, आयुष्यात पाच, आठ वर्षांनंतर बंद. आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, ती तुमच्या नावाने, कारण ब्रीडर तुम्ही.

म्हणजे चाळीसचे थेट वीस झाले. काही वेळा मादी गाभ धरत नाही, काही पिल्लं पहिल्या आठवड्यात जातात, पार्व्होचा विषाणू शिरला तर अख्खं वेत जातं. पंधरा धरा. सव्वादोन लाख. पाच कुत्र्यांचा खुराक, लस, जंतनाशक, डॉक्टर मिळून नगाला महिना चार हजार धरले तर वर्षाचे २ लाख ४० हजार. धंदा सुरळीत चालला तर हा हिशोब!

आणि सुरू कधी होणार? पिल्लं आज दोन महिन्यांची. अठराची व्हायला सोळा महिने, गाभणपणाचे ६३ दिवस, मग पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत थांबायचं. पहिला रुपया वीस महिन्यांनी. तोवर खुराकाचे चार लाख गेलेले. सातचे अकरा झाले.

फ्रेंच बुलडॉगचं तर मला बोलवतच नाही. डोकं मोठं, कंबर अरुंद, नाक चेपलेलं. ब्रिटनमधल्या एका पाहणीत या जातीची ८० टक्क्यांहून जास्त वेतं सिझेरियनने झालेली आढळली. पारोळ्यात रात्री दोन वाजता कुत्रीचं सिझेरियन कोण करणार? तालुक्याचा डॉक्टर आधीच म्हशींच्या मागे पळतोय. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं. ज्याची श्वासनलिकाच दाटलेली, ते मे महिन्यात ४४ अंशांत काय करेल? ‘शेडला एसी लावू’ असं मुलाने लिहिलंय. मळ्यात थ्री-फेज दिवसाला किती तास येते ते त्यालाच विचारा. नेदरलँड्सने फार आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर बंधन घातलंय ते उगाच नाही.

राहिला करार. ५०० च्या स्टँपवर आहे, शिक्का आहे, छान आहे. कलम चार: पिल्लं ‘३५ दिवसांची झाल्यावर’ उचलणार. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकणं नियमात बसत नाही, म्हणजे पहिल्याच विक्रीला नियम मोडणारे तुम्ही. कलम सात: फक्त ‘स्टँडर्ड क्वालिटी’ पिल्लं घेणार. क्वालिटी ठरवणार तेच. शेपूट वाकडी, रंग फिका, नग परत. आणि तुमच्याकडून गेलेलं पिल्लू दीड वर्षाने लंगडायला लागलं तर घेणारा कोणाकडे जाणार, याबद्दल अख्ख्या करारात अवाक्षर नाही. पेपरवर ब्रीडर म्हणून नाव तुमचं असेल.

‘आम्हीच परत घेऊ’ हे वाक्य महाराष्ट्राने ऐकलंय. आधी इमूला ऐकलं. मग कडकनाथ कोंबडीला, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांची शेड भरलेली आणि उचलणारा गायब. ज्या धंद्यात विकणाऱ्याचा खरा नफा तुम्हाला जोडी विकण्यात आहे, तिथे पिल्लांचं काय होतं याची त्याला फिकीर का असावी?

पावणेदोन लाख बुडीत धरा. पिल्लं अजून आलेली नाहीत, म्हणून या आठवड्यात स्पीड पोस्टाने पत्र टाका: तुमचा नोंदणी क्रमांक, आईबापाचे एक्स-रे आणि डीएनए अहवाल आल्याशिवाय ताबा घेणार नाही, नाहीतर बयाणा परत करा. निम्मे परत आले तरी मी खूश होईन. गेलेल्या पावणेदोनच्या मागे सव्वापाच पाठवू नका.

मुलाला कुत्र्यांची आवड खरी असेल तर एक चांगली मादी पाळू दे, नीट तपासून, दोन वर्षांची झाल्यावर एक वेत घेऊ दे. त्याला शौक म्हणा, वहीत उत्पन्नाच्या बाजूला लिहू नका. तोवर दिवाळी-मे महिन्यात लोकांची कुत्री सांभाळायची सोय करता येते. शेड छोटी लागते, गुंतवणूक पन्नास हजारांच्या आत.

आणि मेडिक्लेम. हप्त्याची तारीख १२ होती असं लिहिलंय. वार्षिक हप्त्याला सवलतीचे ३० दिवस असतात, पण मधल्या काळात दवाखाना लागला तर दावा मिळत नाही. तीस दिवस उलटले की नवी पॉलिसी, तुमच्या साखरेसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ नव्याने, आणि या वयात कंपनी घेईल की नाही तेही तिच्या मर्जीवर. पाच कुत्र्यांच्या लसीचा खर्च तुम्ही वहीत लिहिलाय, स्वतःचा हप्ता खोडलाय. उद्या बँक उघडल्यावर आधी तो भरा, पोस्टात मग जा.