विममध्ये कंट्रोल-के आणि कंट्रोल-शिफ्ट-के वेगवेगळे मॅप का होत नाहीत?

विम या टेक्स्ट एडिटरच्या तुमच्या सेटिंग फाइलमध्ये, म्हणजे विमआरसीत, चूक नाही, हे आधी सांगतो. कंट्रोल-के वर ओळ खोडणं, कंट्रोल-शिफ्ट-के वर ओळ वर सरकवणं, असं तुम्ही मॅप केलंय आणि दोन्ही वेळा ओळ खोडलीच जातेय. मीही यापायी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. घोळ विमपर्यंत पोचायच्या आधीच, टर्मिनलमध्ये, म्हणजे विम ज्या कमांडच्या खिडकीत चालतं तिथे होतो.

साधं टर्मिनल कोणती बटणं दाबली हे विमला कळवतच नाही, नुसता एक आकडा पाठवतं. आस्कीत, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात, मोठा के ७५, लहान के १०७. कंट्रोल दाबलं की आकड्याचे शेवटचे पाच बिट (बायनरीतले अंक) तेवढे उरतात, आणि ते दोन्हींचे ११ च येतात. शिफ्ट तिथेच गळते. याच हिशेबाने कंट्रोल-आय म्हणजे टॅब आणि कंट्रोल-एम म्हणजे एंटर, म्हणून त्यांच्याही वाटेला जाऊ नका.

खात्री करायची तर शेलमध्ये नुसतं कॅट (cat) टाइप करून एंटर मारा आणि दोन्ही दाबून बघा. बहुतेक टर्मिनलांत दोन्ही वेळा तोच टोपीवाला के (^K) उमटेल. आता कंट्रोल-शिफ्ट-एफ५ दाबा. उमटलेल्या चिन्हांत १५;६ दिसेल. त्यातला ६ म्हणजे तुमचे मॉडिफायर, म्हणजे सोबत दाबलेली शिफ्ट-कंट्रोलसारखी बटणं: मुळातला १, शिफ्टचा १, कंट्रोलचे ४. ऑल्ट असता तर आणखी २. फंक्शन की आणि बाणांसोबत हा आकडा जातो, म्हणून तिथे दोन-दोन मॉडिफायर बिनघोर मॅप करता येतात. अक्षरांसोबत तो जात नाही.

मी स्वतः लीडर (आपल्या शॉर्टकटांआधी दाबायचं बटण) स्पेसवर ठेवली आहे आणि ओळ सरकवायला स्पेस-के वापरतो. नॉर्मल मोडमध्ये (टायपिंगच्या नव्हे, कमांड देण्याच्या) स्पेस कर्सर एक घर उजवीकडे नेण्यापुरतीच असते, ते काम एल करतोच. दुसरं बटण मात्र एका सेकंदाच्या आत दाबायचं. करंगळी आणि मनगट आखडत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

कंट्रोल-शिफ्ट-के च हवं असेल तर किटी टर्मिनल आणि विमपासूनच निघालेलं निओविम, तेही नवं, घ्या. कॅलिबर हे ई-बुकांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कोविद गोयल यांचंच किटी हे टर्मिनल. त्याच्या कीबोर्ड प्रोटोकॉलमध्ये हेच कॉम्बिनेशन १०७;६ असं जातं, म्हणजे अक्षर वेगळं आणि मॉडिफायर वेगळे. फक्त किटीने कंट्रोल-शिफ्ट-के स्वतःच्या स्क्रोलसाठी राखून ठेवलंय. ते त्याच्या सेटिंगमध्ये आधी रद्द करा, नाहीतर निओविमला ते दिसणारच नाही.