अमेरिकेहून आणलेला बिनतारी हेडसेट ऑफिसच्या फोनला कसा जोडायचा? त्यासाठी सरकारी परवानगी लागते का?

भाऊ न्यू जर्सीहून हेडसेट घेऊन आलाय, तो नाशिकच्या लॅबच्या रिसेप्शनवरच्या फोनला जोडायचाय, आणि कुणीतरी लायसन्सची भीती घातलीय, असा तुमचा प्रश्न. मी पुण्यात गेली अठरा वर्षं ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसातल्या अंतर्गत टेलिफोन यंत्रणेची, कामं करतो. जोडायचं कसं ते सांगतोच, पण त्याआधी एक करा. हेडसेट ज्यावर चार्जिंगला ठेवतात तो बेस उलटा करा आणि तळाचं स्टिकर वाचा.

त्यावर किंवा खोक्यावर 'डेक्ट ६.०' असं लिहिलं असेल, तर प्लग लावूच नका.

डेक्ट हे बिनतारी फोनचं जुनं आणि खरं तर उत्तम तंत्र. ब्लूटूथ साधारण दहा मीटरनंतर कुरकुरायला लागतं, डेक्ट मोकळ्या जागेत शंभर मीटरपर्यंत जातं. म्हणून मोठ्या ऑफिसांना तेच आवडतं. '६.०' म्हणजे सहावी सुधारित आवृत्ती वगैरे काही नाही, अमेरिकेत विक्रीसाठी दिलेलं ते नाव आहे. घोळ आहे तो लहरींचा. युरोपात डेक्ट १८८० ते १९०० मेगाहर्ट्झमध्ये चालतं आणि आपल्याकडच्या दुकानात मिळणारे डेक्ट कॉर्डलेस फोनही तिथेच चालतात. अमेरिकेत मात्र त्याला १९२० ते १९३० हा पट्टा दिलाय. आपल्याकडे १९२० पासून १९८० पर्यंतचा पट्टा मोबाइल कंपन्यांचा. २०१० साली थ्रीजीचा लिलाव झाला तो याच पट्ट्यासाठी. तुमचा-आमचा मोबाइल टॉवरशी बोलतो तो याही पट्ट्यातून.

एवढ्याशा हेडसेटने टॉवरचं काय बिघडणार, असं वाटेल. पण टॉवरचं काम दूरदूरच्या मोबाइलचे क्षीण सिग्नल ऐकण्याचं असतं. आणि डेक्टचा बेस कॉल नसतानाही गप्प बसत नाही. हेडसेटला आपण सापडावं म्हणून तो दिवसरात्र 'मी इथे आहे' असं सांगत असतो. लांबून येणारी हाक ऐकायला कान टवकारून बसलेल्या माणसाच्या कानाशी पोराने पिपाणी वाजवावी, तसं होतं ते.

माझ्याच एका गिऱ्हाइकाकडे हे घडलंय. अमेरिकेतल्या जावयाने दिलेला कॉर्डलेस फोन सासऱ्यांनी कौतुकाने केबिनमध्ये लावला होता. काही महिन्यांनी हातात अँटेना घेतलेली दोन मुलं जिन्यावरून वर-खाली करताना दिसली. सगळ्यांना वाटलं, वीज मंडळाची माणसं असतील. ती होती मोबाइल कंपनीची, गोंगाट कुठून येतोय ते शोधत आलेली. फोन बंद करून कपाटात ठेवल्यावर प्रकरण मिटलं. तुमचंही मिटेल, पण तेवढ्यासाठी रिसेप्शनवर तमाशा कशाला?

आता परवानगीचं. बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना हवा, असं १९३३ चा बिनतारी कायदा सांगतो. आता त्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आणला गेलाय. वाचून घाम फुटतो, पण सरकारने काही पट्टे कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केलेत. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने मोकळा झाला. ब्लूटूथ आणि जुनं वायफाय त्यातच चालतं. त्यामुळे ब्लूटूथ हेडसेट वापरायला तुम्हाला कुठेही अर्ज करायचा नाही. मंजुरीची जबाबदारी बनवणाऱ्याची किंवा आयात करणाऱ्याची असते. ते दूरसंचार खात्याच्या 'सरल संचार' पोर्टलवर त्या मॉडेलची ईटीए, म्हणजे उपकरण प्रकार मंजुरी, घेतात. शिवाय बिनतारी हेडफोन बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक संस्थेच्या, सक्तीच्या नोंदणीत येतात, म्हणून इथे विकल्या जाणाऱ्या खोक्यावर 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसायला हवा.

भावाच्या खोक्यावर एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा, शिक्का असेल. त्याला इथे किंमत नाही, पण एक उपयोग आहे. स्टिकरवरचा एफसीसी आयडी एफसीसीच्या साइटवर टाकला की ते यंत्र नेमकं कुठल्या लहरींवर चालतं ते कळतं. तिथे १९२० ते १९३० मधला आकडा दिसला, तर हेडसेट भावाबरोबर परत पाठवा. तिकडे तो बिनदिक्कत चालतो. 'सेटिंगमध्ये देश बदलून देतो' म्हणणारा कुणी भेटेल, त्याच्या नादी लागू नका. हे पट्टे सहसा कारखान्यातच ठरवून येतात, वापरणाऱ्याला बदलता येत नाहीत.

२४०० च्या घरातला आकडा दिसला तर बसा जोडायला. नवा घ्यावा लागला, तरी पुढचं सगळं तेच. फक्त नवा घेताना दुकानदाराकडे ईटीएची प्रत मागा. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बाजारात मी मागतो, तेव्हा निम्मे दुकानदार माझ्याकडे तिऱ्हाइतासारखे बघतात, पण चांगला वितरक मेलवर पाठवतो. आणि हेडसेटबरोबर डेस्क फोनला जोडायचा बेस आहे ना, ते बघून घ्या. मोबाइलसाठीचा नुसता ब्लूटूथ हेडसेट साध्या फोनला जोडता येत नाही.

जोडणी अशी. फोनचा रिसीव्हर ज्या गुंडाळीच्या वायरीने जोडलेला असतो, ती वायर फोनच्या बाजूने काढा आणि बेसमध्ये खोचा. बेसबरोबर आलेली छोटी वायर फोनच्या त्या रिकाम्या खाचेत लावा. म्हणजे बेस मध्ये आला आणि रिसीव्हरही चालू राहिला. फोनला हेडसेटची वेगळी खाच असेल तर छोटी वायर थेट तिथे जाते, रिसीव्हरला हात लावावा लागत नाही.

बहुतेक जण अडकतात ते यापुढे. रिसीव्हर उचलून बाजूला ठेवा, हेडसेटचं बटण दाबा, डायल टोन येतो का ऐका. नाही आला तर हेडसेट खराब आहे असं समजू नका. रिसीव्हरच्या वायरीतल्या चार तारांचा क्रम प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये वेगळा असतो, म्हणून बेसवर एक बारीक फिरकी किंवा सरकपट्टी असते, ए, बी, सी अशी अक्षरं असलेली. एकेक अक्षर बदलत जा, एका ठिकाणी टोन स्वच्छ येईल. मग स्वतःच्या मोबाइलवर फोन लावून दुसऱ्या खोलीत कुणालातरी ऐकायला बसवा. समोरच्याला आवाज बारीक येत असेल तर बेसवरचा माइकचा आवाज वाढवा. स्वतःचाच आवाज घुमून परत येत असेल तर तोच कमी करा. घरघर येत असेल तर बेस राउटर आणि मॉनिटरपासून हातभर लांब सरकवा. लोखंडी कपाटाच्या आड तर मुळीच ठेवू नका.

बटण दाबून कॉल घेता येईल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. साध्या फोनवर घेता येत नाही, रिसीव्हर हातानेच बाजूला काढावा लागतो. त्यासाठी लिफ्टर मिळतो. रिसीव्हरखाली बसणारी ती एक छोटी यांत्रिक दांडी असते, बटण दाबलं की ती रिसीव्हर उचलते. चिकटपट्टी नीट लागली नाही तर ती आठवड्यात कलते आणि फोन अर्धवट उचललेला राहतो. मग दिवसभर पेशंटना नंबर बिझी. आयपी फोन, म्हणजे इंटरनेटच्या केबलवर चालणारा फोन, असेल तर ही भानगड नको, त्या मॉडेलची ईएचएस केबल घ्या, म्हणजे हेडसेटच्या बटणाने फोन उचलता येईल अशी वायर. ती केबल फोनच्या मॉडेलनुसार वेगळी असते, म्हणून फोनच्या तळाचा मॉडेल नंबर लिहून घेतल्याशिवाय मागवू नका.

आणि अ‍ॅडॉप्टर. अमेरिकन असेल तर त्यावर 'इनपुट'पुढे १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का बघा. नुसतंच १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो एका झटक्यात जळेल. मग जुन्यावर 'आउटपुट'पुढे लिहिलेल्याच व्होल्टेजचा आणि बेसमध्ये बसेल अशा त्याच पिनचा इथला अ‍ॅडॉप्टर आणा. दोन-तीनशे रुपयांत काम होतं.